पिनेला बांधलेला दोरा

पहिल्या बाळंतपणासाठी मला माहेरी न्यायला बाबा स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आले, ती सकाळ मला आधी वासांनी आठवते. सुक्या कडब्याचा गोडसर वास, तापलेल्या डिझेलचा उग्र वास, आणि बाबांच्या सदऱ्यात कायमचा मुरलेला ग्रीसचा जाड, थंड वास. हिवाळा सरत आला होता. सत्तरच्या दशकातले ते दिवस. रिसोडच्या बाजूच्या माझ्या सासरच्या त्या लहानशा गावात तोवर कुणाकडे ट्रॅक्टर नव्हता. अंगणात तो लाल रंग उभा राहिला तेव्हा शेजारणी भाकरी तव्यावर टाकून कुडाशी आल्या. ट्रॉलीत गुडघाभर कडबा, त्यावर आईने पाठवलेली गादी, गादीवर गोधड्या. एस.टी.चा थांबा दूर होता आणि बसचे हिसके मला सोसले नसते.

माझे यजमान नोकरीसाठी अकोल्याला होते. घरात मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे. सातवा महिना त्या दिवशी पुरा होत होता. आठव्यात गर्भारणीने गावाची शीव ओलांडायची नाही, हा त्यांच्या घरचा नेम. त्यात तडजोड नव्हती. निघायचे तर आजच. नाहीतर बाळंतपण सासरीच. आत्याबाई मायाळू होत्या, तरीही रात्र रात्र मला आईच्या हातची ऊब आठवून झोप लागत नव्हती, हे त्यांनाही कळत असावे. त्यांनीच चार दिवस आधीपासून माझी ट्रंक भरून ठेवली होती.

बाबांची एक रीत होती. ट्रॉलीत धान्य असेल तर ते हुकाकडे एकदा बघत. माणूस बसायचे असेल तर प्रत्येक मुक्कामानंतर नव्याने बघत. ट्रॅक्टरच्या मागे उकिडवे बसून ते ट्रॉलीच्या दांड्याला हातोडीने हलके ठोकीत आणि कान देत. धड लोखंड घुमून वाजते, तडा गेलेले फुटक्या मडक्यासारखे बद्द बोलते. दांडा हुकाला जोडणारी अंगठ्याहून जाड पिन वर ओढून ते फडक्याने पुसत आणि तिच्यावरून डोळे मिटून अंगठा फिरवत. रोजच्या ओढीने पिन मध्यावर झिजते, तिला कंबर पडते. ती कंबर अंगठ्याला लागली की पिन बाद. मग ताजे ग्रीस, पुन्हा पिन, आणि तिच्या तळाच्या भोकात तारेची क्लिप, म्हणजे खाचखळग्यात उसळून पिन वर निघू नये. सर्वांत शेवटी जोडीची साखळी. लहानपणी मी शेजारी बसून ते सारे पाहत असे. मला ते एखाद्या म्हाताऱ्या जनावराची दुखरी जागा चाचपल्यासारखे वाटे.

त्या सकाळी बाबा ओसरीवर जेवायला बसले, आणि तेवढ्यात आत्याबाईंनी आरतीचे ताट घेऊन ट्रॅक्टरची पूजा केली. चाकांना कुंकू, ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्यांना हळद. नंतर त्या वाकून ट्रॉलीच्या दांड्यापाशी बराच वेळ गुंतल्या होत्या. मी दारातून पाहिले, पण मला त्यांची पाठच दिसली.

हात धुऊन बाबा नेहमीप्रमाणे हुकापाशी बसले आणि तसेच बसून राहिले. हातोडी वाजली नाही. मी पोट सावरत जवळ गेले. पिन जागेवर होती. तिला कुंकवाचे बोट लागले होते, आणि तळाच्या भोकातून लाल दोरा ओवून, फेऱ्यावर फेरे घेऊन, गाठीवर गाठ मारून घट्ट बांधलेला होता. क्लिप नव्हती. भोकात सुई शिरायला जागा उरली नव्हती.

मागून आत्याबाई म्हणाल्या, "इवाई, लेकीले न्याले आले का लोखंड पाह्यले?"

बाबा हसले. इथे एक तार होती ना, असे त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारले.

"ते गंजकी तार? मीच काढली. पूजेच्या जागी गंज कायले ठेवा? भोक दोऱ्यासाठीच त होतं."

त्यांनी कमरेची पिशवी थोपटली. तार तिच्यातच होती, सुपारीच्या शेजारी.

व्याही-विहिणीच्या नात्यात जे सहज बोलता येते त्याच्या पलीकडची ही गोष्ट होती. दोरा बाळाच्या नावाने बांधलेला. तो सोडा म्हणणे म्हणजे बाळाचे रक्षण काढून घ्या म्हणणे. आणि तसा अपशकुन झाला तर आत्याबाई मला आज उंबऱ्याबाहेर पडू देणार नाहीत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. बाबांनी समजावून पाहिले. वाटेत नाला आहे, दगड आहेत, पिन उसळते. आत्याबाईंनी ऐकून घेतले आणि दोरा पक्का आहे, त्यांनी तो तेलात भिजवून वळला आहे, एवढेच सांगितले. बाबा उठून ट्रॅक्टरला टेकून उभे राहिले, आणि त्यांच्या त्या उभे राहण्यावरून मला कळले की दोरा राहिला तर ते मला ट्रॉलीत बसवणार नाहीत.

माझ्या पोटात बाळाने एकदा कूस बदलली.

मी हात पुढे केला आणि म्हणाले, "आत्याबाई, तुमीच बांदला, तुमीच काढा. अन् माह्या हाताले बांदा. बाळ त पिनेत नाही, माह्यात हाये."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. मग पदर खोचला, दुखऱ्या गुडघ्यांवर हात देत खाली बसल्या. गाठी तेलाने फुगल्या होत्या; बाबांनी पुढे केलेला चाकू त्यांनी मागे सारला. तोडायचा नव्हता, सोडायचा होता. एकेक गाठ त्यांनी नखांनी, दातांनी उकलली. ग्रीस त्यांच्या ओठाला लागले. मग त्या काळपट लाल दोऱ्याचे फेरे माझ्या मनगटावर आले, हळदीचा आणि यंत्राचा एकत्र वास घेऊन.

क्लिप घालायला बाबा वाकले, तेव्हा आत्याबाईंनी त्यांनाही बाजूला केले. कशी घालायची ते दाखवा, म्हणाल्या. आधी बाबांनी पिन वर ओढून पुसली, अंगठा फिरवला, दांडा ठोकून ऐकला. "आयकू द्या मलेही," म्हणत आत्याबाईंनी डोके खाली घातले. लोखंड घुमून वाजले. मग त्यांनी स्वतः क्लिप ओवली, ओढून पाहिली, साखळी दोन्ही हातांनी हिसडली, आणि बाबांना विचारले की इतक्या बारीक तारेवर माणसे लेकी कशा सोपवतात. बाबा म्हणाले, म्हणून तर येवढा वेळ लावतो.

ट्रॅक्टर निघाला. मी गादीवर आडवी होते. निरोपासाठी आत्याबाईंकडे पाहत होते, पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. धापा टाकत, पदर दातात धरून, त्या ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्याशी चालत होत्या, नजर दांड्यावर. बाबांनी वेग इतका कमी केला की तुरीच्या खुंटांवरची पाखरेसुद्धा उडाली नाहीत.

शिवेवरच्या नाल्यात चाके उतरली. ट्रॉली एका अंगाला कलली, दांडा कुरकुरला, आणि पिन हुकात उसळून तारेला अडून पुन्हा खाली बसल्याचा ठक् असा आवाज माझ्या पाठीतून गेला. बाबांनी मागे वळून आधी पिनेकडे पाहिले, मग माझ्याकडे. पलीकडच्या चढावर आलो तेव्हा आत्याबाई नाल्याच्या अलीकडे कमरेवर हात देऊन उभ्या होत्या.

"बसली का जागेवर?" त्यांनी ओरडून विचारले.

बसली, बाबांनी सांगितले. तेव्हा कुठे त्यांनी मान वर करून मला पाहिले, आणि जा, असा हात केला.