न हललेला चंद्र

आमच्या ह्यांना चंद्राचं वेड लागलं असं गल्लीतले लोक म्हणतात, ते साफ खोटं आहे. ह्यांना वस्तरा परत हवा होता. चंद्र मध्ये आला, एवढंच.

हे न्हावी. गल्लीच्या तोंडाशी दुकान, मागे आमच्या दोन खोल्या आणि फरशीचं लहानसं अंगण. उभा जन्म ह्यांनी लोकांच्या हनुवट्या वर करण्यात घालवला. मुलालाही धंदा ह्यांनीच शिकवला, आणि तो शिकवला फुग्यावर. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्याने अलगद उतरवायचा. फुगा फुटला की फेस पोराच्या तोंडावर आणि ह्यांचा आवाज थेट माझ्या स्वयंपाकघरात. "आधी करंगळी टेकव, गाढवा! मग वस्तरा!" किती फुगे फुटले देव जाणे, पण पोरगा तयार झाला.

मग ह्यांचा हात थरथरायला लागला. आधी नुसती चहाची बशी वाजायची. मी म्हटलं, वाजू दे, वय झालं. पण एक दिवस हेडमास्तरांच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. हेडमास्तर आमचं जुनं गिऱ्हाईक, सज्जन माणूस. "काही नाही हो, मुंगी चावली," म्हणाले. पण पांढऱ्या कापडावरचं रक्त सगळ्या दुकानाने पाहिलं. मुलगा पुढे आला, भरल्या दुकानात ह्यांच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. बोलला काहीच नाही. बोलला असता तर परवडलं असतं. त्या दिवशी हे जेवले नाहीत, आणि ह्यांच्यामुळे मीही नाही.

पुढे कितीतरी दिवस हे दारातल्या स्टुलावर बसून नुसतं 'या, बसा' करत होते. बघवत नव्हतं. आमच्या मुलीने नवा कॅमेरा घेतला तेव्हा लांब नळीचा जुना कॅमेरा आमच्याकडे टाकला होता. एका संध्याकाळी ह्यांनी तो कपाटातून काढला, अंगणात गेले आणि समोर दिसला तो चंद्र टिपला. फोटोत चंद्र कुठला? पांढरा फराटा नुसता. मुलगा हसला. "बाबा, हा चंद्र की सांडलेलं दूध?"

"माझा हात आहे तसाच आहे," हे भडकले. "कॅमेरा भिकार आहे."

मुलगा तरी कुणाचा? ह्यांचाच. "बरं तर. न हललेला चंद्र आणून दाखवा, त्याच दिवशी वस्तरा परत देतो."

तो रागात बोलून गेला, पण ह्यांनी तो शब्द गच्च धरून ठेवला. मला मात्र धडकी भरली. फोटो आला नाही तर हा माणूस हाय खाणार, आणि आला तर पुन्हा कुणाचा तरी कान जाणार.

मग जे सुरू झालं, विचारू नका! सकाळी उठलं की हे पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हात लांब करून धरायचे. हात स्थिर करायला म्हणे. अंगण रोज आयतं धुऊन निघायचं. संध्याकाळी कॅमेरा. पौर्णिमेला ताटाएवढा चंद्र पाहून हरखले, तर फोटोत नुसता पांढरा गोळा, नाक ना डोळा. काळं आकाश बघून कॅमेरा उजेड जास्त घेतो हे ह्यांना आपलं आपण कळलं. उजेड कमी केला, गोळ्याचं थाळं झालं, पण सपाट. मग एकदा अर्ध्या चंद्राकडे बघत एकदम म्हणाले, "अगं, हनुवटीवर राहिलेले खुंट समोरच्या दिव्यात दिसतात का? नाही. उजेड बाजूने आला की दिसतात. चंद्राचे खड्डेही तसेच दिसणार. अर्धा चंद्रच पाहिजे!" इतके खूश झाले की दोन घास जास्त जेवले.

पण हात? हात काही ऐकेना. अर्धा चंद्र आला आणि गेला, पुन्हा आला आणि गेला, प्रत्येक फोटोत तो फराटाच. शेजारचा चष्मेवाला बिचारा आपला तीन पायांचा स्टँड घेऊन आला. ह्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "काठी टेकायची वेळ आली की सांगेन." काय म्हणावं ह्या माणसाला!

पुढच्या अर्ध्या चंद्राला पुन्हा तेच. कॅमेरा पलंगावर फेकून हे भिंतीकडे तोंड करून बसले, आणि माझं डोकं फिरलं. पोळी तव्यावर करपत ठेवून मी बाहेर आले.

"अहो, एवढ्या दाढ्या केल्यात, कधी हात हवेत ठेवून केलीत का? लग्न झाल्यावर दुकानात चहा घेऊन यायचे, तेव्हा चोरून बघायचे तुमच्याकडे. तुमची करंगळी कायम गिऱ्हाइकाच्या गालावर टेकलेली असायची. पोराला तेच ओरडून शिकवलंत. मग आता कॅमेरा टेकवायला कसली लाज? हात तुमचा तेव्हाही एकटा नव्हता!"

मला वाटलं, जास्तच बोलले. मग हे हळूच वळले. "चोरून बघायचीस?"

"पोळी करपली माझी," म्हणाले मी आणि आत पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारीच अंगणातून किरकिर ऐकू आली. दुकान नवं केलं तेव्हा ह्यांची जुनी लोखंडी खुर्ची आम्ही ताडपत्री घालून अंगणात ठेवली होती. पायाने दाबलं की वर जाणारी, गोल फिरणारी, पाठ मागे झुकणारी, मान टेकवायला उशी असलेली. हिच्यावर मान ठेवून एक गिऱ्हाईक कधी हललं नाही. ह्यांनी तेल घालून तिची हाडं मोकळी केली आणि उशीवर कॅमेरा ठेवून दाढीच्या पट्टीने आवळून बांधला. म्हणजे ज्या कातडी पट्टीवर वस्तऱ्याला धार लावायचे तिने. दिवस पुरता मावळायच्या आत चंद्र डोक्यावर आला. हे खुर्ची फिरवताहेत, पाठ झुकवताहेत, तोंडाने चालूच, "हं, मान जरा वर... बास."

पहिला फोटो तरीही हलला. बटण दाबतानाच धक्का बसत होता. ह्यांनी हार मानली नाही. थोडं थांबून आपोआप फोटो निघेल असं कॅमेऱ्यात लावलं, बटण दाबलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून मागे सरकले. खट्ट झालं.

मी चष्मा पुसून पाहिला. खड्डा न् खड्डा, त्यांच्या कडा, कडांच्या सावल्या. मला रडूच आलं.

दुकान बंद करत असलेल्या मुलासमोर ह्यांनी कॅमेरा धरला. तो बराच वेळ बघत राहिला. मग चेहरा उतरला त्याचा, कारण शब्द आठवला. पण शब्दाला जागला. फळीवरून वस्तरा काढून ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी वस्तरा उघडला. पातं थरथरत होतं. हे पात्याकडे बघत राहिले, मग वस्तरा मिटून ह्यांनी तो मुलाच्या तळव्यावर ठेवला.

"तू काढून घेतला होतास," हे म्हणाले. "आता मी देतोय."

आणि सरळ अंगणात जाऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसले, मान उशीवर टाकली. "कर माझी दाढी. किती दिवसांची वाढलीये बघ."

मुलाने कापड बांधलं, फेस लावला. वस्तरा गालाजवळ नेला आणि त्याचाच हात थरथरायला लागला. डोळे भरून आले होते पोराचे, दिसत काय असणार!

ह्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"करंगळी टेकव, गाढवा," हे म्हणाले.