झबल्यांचं कापड

“धाकट्या वन्संना कशाला ब्लाउजपीस देताय? कापून झबली शिवतील!” आमच्या घरच्या हळदीकुंकवात मामी आईला म्हणाली आणि बायका हसल्या. धाकट्या वन्सं म्हणजे माझी मावशी. ओटीसाठी तिनं पसरलेला पदर तसाच राहिला, आईचा हातही थांबला.

मावशी मिळालेले ब्लाउजपीस तीनदा धुऊन मऊ करते आणि सरकारी दवाखान्यातल्या नव्या बाळांना झबली शिवून देते. एका पिसात दोन होतात. तिच्या कपाटात चार साड्या आहेत, बाकी जागा मोकळी. आमच्या कपाटाचं दार मात्र रेटून लावावं लागतं. आतले ब्लाउजपीस घडी न मोडता या घरून त्या घरी फिरतात आणि कधी आमच्याकडेच परत येतात. कुणाच्याही अंगाला न लागता विटून जाणारं कापड पाहिलं की मला राग येतो. पण मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत माझं वाक्य आधी इंग्रजीत जुळतं. मराठीत येईपर्यंत विषय बदललेला असतो.

या वेळी मी विषय बदलू दिला नाही. म्हणाले, “मामी, तू दिलेले पाच ब्लाउजपीस आमच्या कपाटात तसेच पडलेत. आज तेही मावशीच्या ओटीत घालतेय.”