बांध कोण कोरतंय

काल ऑफिसातल्या कूलरला वाळ्याची नवी जाळी बसवली. तो ओला वास नाकात शिरला आणि मी गेवराईच्या कॉलेजातल्या संगणकाच्या खोलीत जाऊन बसलो. तिथल्या एकुलत्या एका कूलरचं तोंड सर्व्हरकडे असायचं. आम्ही सगळी पोरं घामानं भिजत त्याच सर्व्हरवर काम करायचो.

माझ्या शेजारी आष्टीचा बालाजी बसे. त्या दुपारी त्याचा प्रोग्राम सारखा अडत होता. 'आणखी प्रोसेस सुरू करता येत नाही' एवढंच पडद्यावर यायचं. त्यानं तिरक्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं. "तूच माझा बांध कोरतो बे," तो म्हणाला. शेताला शेत लागून असलं, की आमच्याकडं पहिला संशय शेजाऱ्यावरच.

मला मात्र सर्व्हर सांभाळणाऱ्या सरांवरच संशय होता. ते आले आणि त्यांनी एक कमांड देऊन पाहिली. "कालपासून मी प्रत्येकाच्या खात्याला प्रोसेसची मर्यादा लावलीय. ह्याचा प्रोग्राम स्वतःच्याच नकला काढत बसलाय, त्यात ह्याची मर्यादा भरली. शेजाऱ्याला दुसऱ्याचा वाटा खाताच येत न्हाई."

बालाजीनं मान हलवली, पण सरांवरची नजर हटवली नाही. "आन् सर, तुमच्या खात्याला किती हाय?"

सर कूलरकडं बघत म्हणाले, "मला न्हाई."

आता ऑफिसातल्या सर्व्हरवर त्या मर्यादा मी ठरवतो. कुणी किती प्रोसेस चालवायच्या, किती मेमरी खायची, सगळं. हाताखालची पोरं गुमान मान डोलावतात. तुमच्या खात्याला किती, असं एकानंही कधी विचारलेलं नाही. म्हणूनच त्या पोरांवर माझा विश्वास बसत नाही.