अध्यक्ष गिरजाबाई अलोणे

गिरजाबाई अलोणे नऊ वर्षं पिपरटोल्याच्या तंटामुक्त गाव समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं एका हातोड्याच्या आवाजापायी गेली.

पिपरटोला घुग्घुसच्या रस्त्याला लागून. गावाच्या पूर्वेला जिथे कापूस व्हायचा, तिथे लेआउट पडला, प्लॉट विकले गेले, आणि खाणीतली, सिमेंट कारखान्यातली माणसं घरं बांधून राहायला आली. कागदावर ते सगळे प्लॉट फक्त राहण्यासाठी. पण पोट भरायला माणूस काहीतरी करतोच. कुणी पुढच्या खोलीत किराणा टाकला, कुणी पंक्चरचं दुकान, कुणी शिलाई मशीन. कोणी कोणाला अडवलं नाही.

गिरजाबाई अंगणवाडीत तीस वर्षं सेविका होत्या. अर्धं गाव त्यांच्यासमोर बसून अक्षरं गिरवून मोठं झालेलं, म्हणून निवृत्त झाल्या त्या वर्षी ग्रामसभेने त्यांचं नाव पुढे केलं. समितीकडे अधिकार असा काहीच नव्हता. दोघांना समोरासमोर बसवायचं, ऐकून घ्यायचं, सल्ला द्यायचा, पटलं तर कागदावर सह्या घ्यायच्या. नाही पटलं तर जो तो आपल्या वाटेने मोकळा.

हातोडा अयूबभाईंचा. त्यांनी लेआउटच्या टोकाच्या प्लॉटवर घर बांधलं आणि अंगणात ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. कोळशाच्या गाड्या खड्ड्यांतून धावतात, कमानीचे पाटे मोडतात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. त्यांच्या भिंतीला भिंत लागून हरिदासचं घर. हरिदास खाणीत कामाला. नाईट ड्युटी करून सकाळी घरी यायचा आणि डोळा लागतो न लागतो तोच शेजारी घणाचे घाव सुरू व्हायचे.

एका सकाळी तो तसाच, कोळशाच्या कपड्यांनिशी गिरजाबाईंच्या ओट्यावर येऊन बसला.

"जयभीम बाई. मले झोप पायजे," तो म्हणाला. "बाकी काई नाई पायजे. चार दिवस झाले, डोळ्याले डोळा नाई. खाली मशीनवर डुलकी लागली त मी घरी वापस येनार नाई."

गिरजाबाई अयूबभाईंकडे गेल्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाई, तुमीच सांगा," अयूबभाई म्हणाले, "हातोडा हळू मारून कमानी सरळ होते का? गाडीवाला सकाळी येते, त्याले दुपारी माल भरायचा असते. मी त्याले का सांगू, शेजारी झोपून राह्यला म्हनून?"

दोघांचंही खरं होतं. पोलिसात गेलेली भांडणं सोपी असतात, तिथे एक जण खोटा असतो, असं गिरजाबाईंना नेहमी वाटायचं. त्यांच्या ओट्यावर मात्र सगळे खरेच यायचे.

पाच बैठका झाल्या. हरिदास म्हणाला, "बाई, तुमी आपल्या असून त्याची बाजू घेऊन राह्यल्या." आणि अयूबभाईंची बायको फरहत परड्यातून ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "त्या त्याईच्याच समाजाच्या. आपलं कोन ऐकते?" गिरजाबाईंनी दोन्ही ऐकलं आणि दोन्ही गिळलं. सहाव्या बैठकीत सह्या झाल्या: हरिदासची नाईट असेल त्या आठवड्यात दुपारी दोनपर्यंत घण चालणार नाही, फक्त नटबोल्ट खोलायचं-जोडायचं काम चालेल. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी नऊपर्यंत. फर्स्ट असेल तर काही अडचण नाही.

समझोता चांगला होता, पण ड्युटी दर आठवड्याला बदलायची आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. मग दर रविवारी गिरजाबाई हरिदासच्या दारात जायच्या, ड्युटी विचारायच्या, तिथून वळसा घालून अयूबभाईंना सांगायच्या. भिंत एक, पण दारं दोन गल्ल्यांत. गुडघे दुखायचे. नातवाच्या नामकरणाला भद्रावतीला जायचं होतं तर त्या शनिवारीच विचारून ठेवून गेल्या. सून म्हणाली, "आई, हे काई तुमचं काम आहे का?" गिरजाबाई म्हणाल्या, "नाई. पन मंग कोनाचं आहे?"

सव्वा वर्ष असं चाललं. मग भादव्यात त्यांना ताप आला. डेंग्यू निघाला आणि त्या नऊ दिवस चंद्रपूरच्या दवाखान्यात पडून राहिल्या. तो रविवार तसाच गेला. सोमवारी हरिदास नाईट करून झोपला आणि नऊ वाजता घण सुरू झाला. अयूबभाईंना खरोखरच माहीत नव्हतं. हरिदासला वाटलं, बाई नाहीत हे पाहून मुद्दाम चाललंय. तो अंगणाची भिंत चढून पलीकडे उतरला, कॉलर धरली, अयूबभाई पडले आणि त्यांचं मनगट मोडलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर गिरजाबाई आधी अयूबभाईंकडे गेल्या. हात गळ्यात बांधलेला. त्यांनी पोलिसात तक्रार दिली नव्हती.

"तुमी यायची वाट पाहून राह्यलो होतो," ते एवढंच बोलले.

हरिदास मात्र थांबला नव्हता. आता आपल्यावरच केस होईल या भीतीने त्याने आधीच तहसीलला अर्ज टाकला होता: रहिवासी लेआउटमध्ये विनापरवाना व्यवसाय चालतो, कारवाई व्हावी. त्याने अयूबभाईंचं नाव लिहिलं होतं, पण कागद एकाच नावावर थांबत नाही. तलाठी आले, लेआउट पूर्ण फिरले, मोबाईलवर फोटो काढले. दोन महिन्यांनी अकरा घरांना नोटिसा आल्या. त्यात एक हरिदासच्या घराची होती, कारण त्याची बायको कांता पुढच्या खोलीत पिठाची चक्की चालवायची.

त्या दुपारी अकराही घरचे लोक गिरजाबाईंच्या ओट्यावर जमले. कांता सगळ्यात मागे उभी होती.

"आमच्या मानसाले अक्कल नाई," ती म्हणाली. "पन तुमी काई तरी करा ना, बाई."

गिरजाबाई अजून भिंत धरून चालत होत्या. त्यांनी नोटीस दोनदा वाचली. चूक काही नव्हती तीत.

"मी सल्ला देऊ शकतो फक्त," त्या म्हणाल्या. "नोटीस मागं घ्यायले लावू शकत नाई."

तरी त्या गेल्या. सरपंच मिथुनला घेऊन तहसीलला तीन खेपा झाल्या. तिथल्या बाबूने नीट समजावून सांगितलं की रस्त्यालगतच्या प्लॉटांचा वापर बदलून मिळू शकतो, ग्रामसभेचा ठराव जोडा, नकाशा जोडा, शेजाऱ्यांची ना-हरकत जोडा. गिरजाबाईंनी दारोदार फिरून ना-हरकती गोळा केल्या. अयूबभाईंसाठी हरिदासची सही लागत होती. तो बराच वेळ पेन हातात धरून बसला, मग त्याने सही केली. कांताच्या चक्कीसाठी अयूबभाईंची लागत होती. त्यांनी प्लास्टरमधून नुकत्याच निघालेल्या हाताने, वाकडीतिकडी का होईना, लगेच केली. त्या दिवशीही दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

फाईल जिल्ह्याला गेली. अजून आलेली नाही.

अयूबभाईंनी वाट पाहिली नाही. त्यांनी घुग्घुसच्या नाक्यावर एक शेड भाड्याने घेतली. सकाळी डबा घेऊन जातात, संध्याकाळी येतात. हरिदासला आता झोप मिळते. कांताची चक्की बंद आहे आणि बायका दळण घेऊन बसने घुग्घुसला जातात. याला तंटा मिटला म्हणायचं की नाही, हे गिरजाबाईंना ठरवता येत नव्हतं. समितीच्या वर्षाच्या अहवालात मिथुनने 'मिटला' असं लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांचं नाव दहाव्यांदा पुकारलं गेलं. त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मी थकलो आता. दुसरं कोनी पाहा."

मिथुन म्हणाला, "मंग तुमीच नाव सांगा, बाई."

त्यांनी कांताकडे पाहिलं. कांता दचकली, "मी?" म्हणाली. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. अयूबभाईंनी मात्र हात वर केला, आणि मग एकेक करून बाकीच्यांनीही केले. हरिदास सभेला नव्हता, ड्युटीवर होता.

चौथ्या दिवशी कांता गिरजाबाईंकडे आली. लेआउटमध्ये एकाने गल्लीत जिना काढला होता, त्यामुळे मागच्या घरापर्यंत पाण्याचा टँकर जात नव्हता.

"दोघंई म्हनतेत आपलंच खरं. आता मी का करू?" तिने विचारलं.

"जा. दोघाईकडं बस," गिरजाबाई म्हणाल्या. "चहा देतीन तो घे. घाई करू नोको."

"अन् मंग?"

गिरजाबाईंनी पाय लांब केले, गुडघ्यावर हात फिरवला, आणि म्हणाल्या, "मंग उद्या पुन्हा जा."