ओतूर किती लांब

"हे काय, इथंच," असं म्हणत ती हात पुढे करायची, तेव्हा समोर निदान एखादा डोंगर तरी असायचाच.

ती आमच्या जुन्नरच्या गल्लीतली मणेरीण. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गावोगाव हिंडायची. सगळे तिला मावशी म्हणत. मी ओतूरच्या शाळेत मास्तर होतो. शनिवारी घरी यायचो, रविवारी परत जायचो. त्या वाटेवर पुष्कळदा मावशीची सोबत असे, कारण तिची एकुलती एक लेक ओतूरला दिलेली होती. मी दमून झाडाखाली टेकलो की ती हसायची. "बसताय काय, मास्तर? आलंच की ओतूर." आणि तिच्या बोलण्याच्या नादात ते खरंच येऊन जायचं.

तेवढ्याच अंतरावरचं पिंपळवंडी मात्र तिला फार लांब वाटे. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "तिथं आपलं कोण हाय?" अंतर मोजायची ही तऱ्हा तुम्हीही कुणात तरी पाहिली असेल. मला तेव्हा ती नुसती गमतीची वाटे.

मग ओतूरला गाठीचा ताप आला. लोक गाव सोडून शेतांत झोपड्या घालून राहिले. तिथल्याच एका झोपडीत मावशीची लेक गेली. तान्ही नात पदराखाली घेऊन मावशी जुन्नरला परतली. जावयानं हरकत घेतली नाही. त्याच्या घरी पोर सांभाळायला बाईमाणूस नव्हतं.

त्यानंतर तिचं हिंडणं थांबलं. बांगड्या गल्लीतच काय खपतील त्या. पोरीच्या झोपेपायी दिवसाचा तिचा अंदाज पार चुकला. दिवेलागणीला दारात येऊन ती "न्याहारी झाली का?" म्हणून विचारी, आणि आम्ही हसलो की आधी आभाळाकडे, मग आमच्याकडे संशयानं बघे. एकदा मी ओतूरचा विषय काढला, तर म्हणाली, "लई लांब हाय वो ते. मी कदी चालत जात व्हते का तिथं?" मला थट्टा वाटली. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

नात मोठी झाली, गल्लीभर हुंदडू लागली. एव्हाना जावयानं दुसरं लग्न केलं होतं. पोर आता आमच्याकडे आणून सोडा, असा त्याचा निरोप आला. मावशीनं काही दिवस पोरीला दाराबाहेर सोडलं नाही. मग एका रविवारी पोरीचा हात धरून ती माझ्याबरोबर निघाली.

पोर पुढे पळायची आणि मावशी मागे दगडावर बसून राहायची. मीही घाई केली नाही. ओतूरची घरं दिसू लागली तशी ती वाटेतच थबकली.

"मास्तर, ही दुसरी वाट हाय का?"

"नाही मावशी, नेहमीचीच."

"मंग एवढ्यात कसं आलं?"

ऊन कलायला आलं होतं. आम्हाला कधी नव्हे इतका उशीर झाला होता.

पोरीला जावयाच्या हवाली करून ती परत फिरेल असं मला वाटलं होतं. ती फिरली नाही. बाजाराच्या कडेला ओळखीच्या एका तांबोळ्याची पडवी मागून घेतली आणि तिथंच बांगड्या मांडून बसली. जावयाची नवी बायको भली होती. ती रोज दुपारी पोरीला मावशीकडे धाडी. तेवढ्यासाठी मावशी सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला, ऊन कुठवर आलं, म्हणून विचारत राही. पोर आली की विचारणं बंद. जुन्नरची खबर मात्र ती परमुलखाची ऐकावी तशी ऐके. "आमच्या गल्लीतली चिंच अजून हाय का वो?" मी आदल्याच दिवशी त्या चिंचेखाली बसून आलो होतो, तरी उत्तर देताना क्षणभर माझीही खात्री डळमळे.

दिवाळीच्या सुट्टीत मी जुन्नरला असताना ती तापानं गेली. खबर आमच्यापर्यंत आलीच नाही. शाळा उघडली त्या दिवशी पाहतो तर पडवी रिकामी, आणि पोर खांबाला टेकून उभी.

"मास्तर, नानी लांब गेलीय का?"

नदीकाठचं कबरस्तान तिथून दिसत होतं. ताजी मातीसुद्धा दिसत होती. मी तिकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. "हे काय, इथंच," म्हणत मी हात पुढे केला.