नराला कोंडा, मादीला भुसा

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली तरी घरात मूल नव्हतं. दोष कुणाचा, हे आईने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. बायको तपासण्या करून आली, हेदवीच्या गणपतीला नवस बोलून आली, कुणी सांगितलेला कडू पाला वाटून प्यायली. मी काय केलं? मिरजोळ्याच्या कारखान्यात दिवसपाळी-रात्रपाळी केली आणि घरी आलो की मूग गिळून बसलो.

त्यात बायकोने सशांची जोडी आणली. घरात काहीतरी उड्या मारणारं असावं, एवढंच तिला वाटलं असेल. आईने नाक मुरडलं, पण चाऱ्याचा कारभार लगेच स्वतःच्या ताब्यात घेतला. गिरणीतून तांदळासोबत आलेला कोंडा घरात होता, मळणीनंतरचा कुळथाचा भुसा होता, घरामागच्या परड्यात पावट्याचे वेल वाळत पडले होते. आईने वाटणी केली. कोंडा आणि वर शेंगदाण्याची पेंड नराला. भुसा नि वेल मादीला.

"आई, तिलाही घाला ना थोडा कोंडा," बायको म्हणाली.

"पुरुषमाणूस हाय तो. त्याला ताकद नको? बायकांना काय, उरलंसुरलं चालतं."

आमच्या घरात पुरुषांची पंगत आधी बसते, मग सशांनी काय घोडं मारलंय? महिन्या-दोन महिन्यांत नराचा फुगून लोड झाला. मादी भुसा चावून तरतरीत. तिला त्याच्या पिंजऱ्यात सोडलं की महाराज एकदा हुंगायचे आणि कोंड्याच्या वाडग्याकडे वळायचे. चार महिने झाले, पिल्लांचा पत्ता नाही.

"ही पण तसलीच निघाली," आई मादीकडे बघून म्हणाली. ऐकवलं कुणाला, ते मला कळलं. बायको पिंजरा झाडत होती, ती झाडतच राहिली. मी पेपरचं पान उलटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

शेजारच्या गोठ्यात गुरांचे डॉक्टर आले होते. आईनेच त्यांना हाक मारली, मादीत काय खोट आहे ती बघा म्हणून. त्यांनी मादी उचलली, पोट चाचपलं आणि खाली ठेवली. नराला उचलताना मात्र त्यांना दम लागला.

"आजी, मादी ठणठणीत आहे. कोंडा-पेंड खाऊन याला चरबी चढलीय, याच्याने काही होत नाही. कोंडा कमी करा, याला पण पाला-वेल घाला."

मी मूर्खासारखा खो खो हसलो.

डॉक्टर गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, चार महिन्यांत सशाचीसुद्धा तपासणी झाली. तुमची कधी?"

पुढच्या आठवड्यात रजा टाकली आणि रत्नागिरीत जाऊन तपासून आलो. दोष माझ्यात निघाला.

बायकोने रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. "आईंना मी सांगेन, सावकाश," म्हणाली. म्हणजे इथेही मला पाठीशी घालायला हीच! मी रिपोर्ट मागून घेतला आणि घरी आल्या आल्या आईसमोर जाऊन उभा राहिलो.

"आई, खोट माझ्यात आहे. तिच्यात कधीच नव्हती."

माझ्याकडे आईने बघितलंच नाही, सुनेकडे बघत राहिली. "सात वर्षं बोलले गो मी तुला," म्हणाली.

जाऊ द्या आई, असं बायको म्हणेल, अशी मला आशा होती. ती म्हणाली नाही. तिने म्हणूही नये.