न्हावऱ्याचं लुगडं छावणीला

दुष्काळात कुणी फिरायला जातं का? नवऱ्याने हेच विचारलं. पण न्हावरे गावातल्या माझ्या मामीची अशी काही ओढ लागली होती की बसलेच एसटीत! ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या त्या कोरड्या वर्षांतली. तिकडे उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची गाडी धरा, पाणी पुण्यातूनच घ्या. शिक्रापूरच्या पुढे तेव्हा उसाच्या रानात नुसती ढेकळं होती.

मामीचा गोठा रिकामा होता. लहानपणी सुट्टीत इथल्या शेणाच्या वासाला नाक मुरडायचे, आता त्याच वासासाठी जीव कासावीस झाला. मामा गाय घेऊन दौंड तालुक्यातल्या चारा छावणीत मुक्कामाला गेले होते. अंथरुणाला खिळलेल्या आजीला सोडून मामीला हलता येत नव्हतं.

"गवरी माझ्याबिगर कुणाला धार काढू देत न्हाई," मामी म्हणाली. "तिथं चारापन सोडलाय तिनं. ह्ये म्हणत्यात, असंच ऱ्हायलं तर बाजारात न्यावी लागंल."

"मग मामांनी तुझं लुगडं गुंडाळून धार काढायची ना! आजोबा नाही का आजीचं घ्यायचे?"

"न्येलंय की! पर लोकांत बरं दिसावं म्हणून पेटीतलं धुतलेलं न्येलं, शहाण्यांनी! साबणाच्या वासानं गाय मला वळखंल व्हय?"

तिने अंगावरचं लुगडं बदललं आणि तसंच मळकं माझ्या पिशवीत कोंबलं.

चौफुल्याच्या गाडीने पारगावचा पूल ओलांडला. खाली भीमेत वाळूच वाळू. चौफुल्याला उतरल्यावर भेळ खाल्ली, झकास होती, आणि छावणीपर्यंत चालत गेले.

मामांनी लुगडं खांद्यावरून घेतलं तसे शेजारचे आप्पा ओरडले, "आल्या बगा मालकीणबाई!" सगळे खो खो हसले. गवरीने पदर हुंगला. चाटला. बराच वेळ चाटतच राहिली आणि मग खाली मान घालून उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं ओढलं. बादलीत धार वाजली तेव्हा मला रडूच फुटलं.

"आता बाजार?" मी मामांना विचारलं.

"गप ए!"

धार झाली तरी मामांनी लुगडं काढलं नाही. पदर नाकाशी धरून बसले. मी निघताना मामा हळूच म्हणाले, "मामीला म्हणावं, ह्याचा वास जायच्या आत दुसरं धाड."

परतीला न्हावऱ्यात उतरून निरोप दिला. मामीने डोळे पुसले, मग हसली. "कुणाला पायजे म्हणं? गवरीला?"

"ते नाही बोलले," मी म्हणाले.

पुण्यात नवरा म्हणाला, "पिशवीला चुलीचा वास येतोय, धुवायला टाक." नाही टाकली. ती अजून माळ्यावर आहे. मामी गेली, वासही केव्हाच गेला, तरी दिवाळीची आवराआवर करताना मी ती हुंगून बघतेच.